पशुवैद्यक परिषदेनं जे करायचं ठरवलं होतं ते किती झालं? गोठ्यात तरी दिसत नाहीये

गोठेकर_नेवासा (प्रश्न)

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलचक आहे पण शेवटपर्यंत वाचा, आणि ज्यांना यातलं खरंच माहिती आहे त्यांनी लिहा.

आमच्याकडं अकरा गाई आहेत, सगळ्या एचएफ क्रॉस, म्हणजे होल्स्टीन फ्रिजियन संकरित. मध्यंतरी एकीला दगडी, म्हणजे कासेचा दाह झाला, मागचा डावा सड सुजून गरम लागत होता आणि धार काढली की दुधात गाठी येत होत्या. सरकारी दवाखान्यातले डॉक्टर लसीकरणाला दुसऱ्या गावी गेलेले, म्हणून जवळच्या एका खाजगी माणसाला बोलावलं, त्यांनी दोन इंजेक्शनं दिली, सडात ट्यूब सोडली, पैसे घेतले आणि गेले. दूध किती दिवस संकलन केंद्रावर घालायचं नाही याबद्दल चकार शब्द काढला नाही, कागदावर औषधाचं नाव सुद्धा लिहून दिलं नाही. नंतर केंद्रावर अँटिबायोटिकची टेस्ट लागली आणि आमचे सगळे कॅन परत आले, एका गाईचं नाही तर सगळ्या गोठ्याचं दूध, कारण एकत्रच ओतलेलं असतं. पैसे गेले ते गेले, पण त्याच्या आधल्या दिवसाचं दूध तर पुढं गेलंच होतं ना, ते कुणाच्या तरी लहान पोरांनी प्यायलं असेल, हे काही केल्या डोक्यातून जात नाही.

मी त्यांना फोन करून विचारलं की तुमचा नोंदणी नंबर काय, तर म्हणाले मला पंचक्रोशीत सगळे ओळखतात. बस, विषय संपला.

माझी पुतणी परभणीला व्हेटर्नरीला आहे. तिनं सांगितलं की काका यासाठी परिषद असते, दिल्लीत केंद्राची आणि आपल्या राज्याची वेगळी. मग मी तो १९८४ चा भारतीय पशुवैद्यक परिषद कायदा काढून वाचला. त्यात चांगलं लिहिलंय सगळं, शिक्षणाचा दर्जा ठरवायचा, डॉक्टरांची नोंदवही ठेवायची, त्यांचं वागणं कसं असावं ते ठरवायचं, आणि नोंदणी नसलेल्यानं जनावरांवर उपचार करायचे नाहीत. कायद्याला चाळीस वर्षं होऊन गेली. मला एवढंच विचारायचंय की यातलं झालं किती? आमचं दूध रोज सकाळ-संध्याकाळ मशीनवर जातं, फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातला बाकीचा घन भाग) पॉइंटात निघतं, त्यावर आमचा भाव ठरतो. या परिषदेचं फॅट कोण काढतं? कुठं वर्षाचा हिशेब मिळतो का, की एवढ्या तक्रारी आल्या, एवढ्या निकाली निघाल्या, एवढ्या लोकांची नावं काढली?

आणि दुसरं, समोरचा माणूस नोंदणीकृत आहे का नाही ते शेतकऱ्यानं ओळखायचं कसं?


निवृत्त_प्राध्यापक_परभणी

दादा, प्रश्न अगदी योग्य ठिकाणी बोट ठेवून विचारलाय. मी आयुष्यभर कॉलेजात शिकवलं, परिषदेच्या तपासण्या जवळून पाहिल्या, म्हणून त्या बाजूचं आधी सांगतो.

पहिली गोष्ट, हा कायदा सुरुवातीला महाराष्ट्राला लागूच नव्हता. हरियाणा, बिहार, ओरिसा, हिमाचल आणि राजस्थान या पाच राज्यांच्या विधिमंडळांनी ठराव केले म्हणून संसदेनं तो केला, बाकीच्या राज्यांनी आपापल्या सोयीनं नंतर स्वीकारला. भारतीय पशुवैद्यक परिषद प्रत्यक्षात आली १९८९ ला. म्हणजे चाळीस वर्षं म्हणताना पहिली पाच-सात तशीच वजा करा. त्याआधी काय होतं हे आजच्या पोरांना माहीत नाही, प्रत्येक विद्यापीठाचा अभ्यासक्रम वेगळा, एका राज्याची पदवी दुसऱ्या राज्यात चालेल का याचा वाद, आणि कॉलेज काढायला जागा आणि पाटी असली की झालं अशी काही ठिकाणची परिस्थिती.

शिक्षणाच्या बाबतीत परिषदेनं काम केलंय, आणि मनापासून केलंय, हे मी ठामपणे म्हणतो. १९९३ ला किमान दर्जाचे नियम आले, मग २००८ ला, मग २०१६ ला. आज कोणत्या विषयाला किती शिक्षक पाहिजेत, कॉलेजच्या दवाखान्यात काय काय असलं पाहिजे, पोरांना हात लावायला जनावरं किती पाहिजेत, इथपर्यंत लिहून ठेवलेलं आहे. आधी सहा महिन्यांची इंटर्नशिप होती ती २०१६ च्या नियमांनी पूर्ण वर्षाची झाली, पदवी साडेपाच वर्षांची झाली. वार्षिक परीक्षेला बाहेरचा परीक्षक येतो. प्रत्येक राज्यातल्या जागांपैकी १५ टक्के देशपातळीवरून भरल्या जातात आणि त्याचं प्रवेशाचं काम परिषद स्वतः बघते, त्यासाठी आता नीट या प्रवेश परीक्षेचे मार्क धरतात. तपासणीची टीम येणार म्हटलं की वर्षानुवर्षं रिकामं राहिलेलं पद भरलं जायचं, बंद पडलेलं एक्स-रे मशीन दुरुस्त व्हायचं, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. मान्यता जाईल या भीतीनं सरकारकडून पैसे सुटायचे, दुसऱ्या कशानं सुटत नव्हते.

आता नोंदवही. ती राज्य परिषदेकडे असते, आपली नागपूरला आहे. पदवी झाली की पोरं नोंदणी करतात, कारण त्याशिवाय सरकारी नोकरीचा अर्जच भरता येत नाही. दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं. पण वहीत नाव असणं आणि तो माणूस आज खरोखर कुठं, काय करतोय हे कळणं यात फरक आहे. बरेच जण बँकेत गेले, औषध कंपन्यांत गेले, स्पर्धा परीक्षा देऊन तहसीलदार झाले, परदेशी गेले. वहीतला आकडा मोठा दिसतो, गोठ्यात येणारा हात कमी असतो.

तिसरं, वागणुकीचे नियम. तेही आहेत, १९९२ चे. पण तुम्ही विचारलेला वर्षाचा हिशेब, की तक्रारी किती आणि त्यांचं पुढं काय झालं, असा सामान्य माणसाला सहज सापडेल असा मला कधी बघायला मिळाला नाही. इथं माझं मत स्पष्ट आहे, परिषदेनं कॉलेजच्या फाटकाच्या आतलं काम केलं, फाटकाच्या बाहेरचं राहिलं.


डिप्लोमा_मंगळवेढा

सर तुमचा आदर ठेवून बोलतो. दरवेळी असा धागा निघाला की बोट शेवटी आमच्याकडंच येतं, म्हणून मीही लिहितो.

मी डिप्लोमा केलेला माणूस आहे. डॉक्टर म्हणवून घेत नाही, गाडीवर लिहिलेलं नाही. पण रात्री दोन वाजता गाय अडली तर फोन मला येतो. परवाचीच गोष्ट सांगतो, वासराचे दोन्ही पाय बाहेर आणि मान मागं वळलेली, मालक आणि त्याचे दोन भाऊ पायाला दोरी लावून ओढायच्या तयारीत होते. मी आधी त्यांना थांबवलं, हात घातला, मान कुठं आहे बघितलं, माझ्यानं वळणार नाही हे कळलं आणि तिथून तालुक्याच्या डॉक्टरांना फोन लावला. ते पहाटे आले. वासरू गेलं पण गाय वाचली. मी नसतो तर दोरीनं ओढून गाय पण गेली असती. हे काम कायद्यात कुठं बसतं मला सांगा.

कायद्याचं कलम ३० आम्हाला पाठ झालंय आता. पदवीवाल्याशिवाय कुणी उपचार करायचे नाहीत, पण त्याच कलमात पुढं लिहिलंय की राज्य सरकार डिप्लोमा, सर्टिफिकेटवाल्यांना किरकोळ सेवा द्यायची परवानगी देऊ शकतं, म्हणजे लस टोचणं, खच्चीकरण, जखमेला मलमपट्टी आणि सरकार ठरवेल ते प्राथमिक उपचार, आणि तेही नोंदणीकृत डॉक्टरच्या देखरेखीखाली आणि सांगण्यानुसार. महाराष्ट्रानं २७ ऑगस्ट २००९ ला त्याची अधिसूचना काढली. आता देखरेख म्हणजे काय? डॉक्टर शेजारी उभे पाहिजेत? फोनवर चालतं? चिठ्ठी पाहिजे? हे आम्हाला आजवर कुणी नीट सांगितलं नाही. सरकारी पशुधन पर्यवेक्षकाला निदान वरिष्ठ तरी असतो, आम्ही खाजगीवाले कुणाच्या देखरेखीखाली? आम्ही आमचं नाव कुठल्या वहीत लिहायचं? परिषदेच्या वहीत आम्हाला जागा नाही. म्हणजे आम्ही चांगलं काम केलं तरी त्याची नोंद नाही आणि वाईट केलं तरी आमचं नाव काढणार कुठून, नाव असेल तर काढतील ना.

गोठेकर दादांच्या गोठ्यात जे झालं ते चुकीचंच झालं. दूध किती दिवस घालायचं नाही हे सांगितलंच पाहिजे, मी सांगतो, आणि लोक त्यावरून माझ्याशी भांडतात पण, की दुसरा तर काही सांगत नाही, तुम्हीच कशाला दूध ओतायला लावता. म्हणून म्हणतो आम्हाला शिकवा, वर्षाकाठी ट्रेनिंग ठेवा, परीक्षा घ्या, नंबर द्या, हद्द आखून द्या. नुसतं बोगस बोगस करून हजारो माणसं काही गायब होणार नाहीत.


एलडीओ_यवतमाळ

मंगळवेढ्याच्या दादांनी जो प्रश्न विचारलाय त्याच्या दुसऱ्या टोकाला मी आहे. मी पशुधन विकास अधिकारी, म्हणजे एलडीओ, सरकारी पशुवैद्यक आहे, म्हणजे ज्यांच्या "देखरेखीखाली" असं कागदावर लिहिलेलं असतं ती बाई मीच.

माझ्याकडे माझा एक दवाखाना आणि शेजारच्या दोन दवाखान्यांचा अतिरिक्त कार्यभार आहे. सकाळी ओपीडी, मग कुठंतरी लसीकरण, लाळ्या खुरकुताचा राउंड सुरू असला की टॅगिंग आणि पोर्टलवर एंट्री, बारा अंकी टॅगचा एक आकडा चुकला की एंट्री घेत नाही आणि नेटवर्क तर कुठल्यातरी टेकाडावरच येतं, शिवाय शवविच्छेदन, विम्याचे दाखले, योजनांच्या लाभार्थ्यांची पडताळणी, झेडपीच्या मीटिंगा. यात मी चाळीस किलोमीटरवरच्या पर्यवेक्षकावर देखरेख कशी ठेवणार? तो फोन करतो, मी फोनवर सांगते. तो चांगला आहे म्हणून चाललंय.

राष्ट्रीय कृषी आयोगानं १९७६ लाच सांगितलं होतं की दर ५००० पशुधन घटकांमागे एक डॉक्टर पाहिजे. माझ्या तीन दवाखान्यांची गावं मिळून हिशेब केला तर त्याच्या जवळपास सुद्धा येत नाही. पद भरणं हे परिषदेचं काम नाही, ते राज्य सरकारचं आहे, हे मला मान्य आहे. २०२५ मध्ये एमपीएससीनं आमच्या २७९५ पदांची जाहिरात काढली, एवढी मोठी जाहिरात काढावी लागली यातच कळतं की पदं किती साचली होती. ती भरली गेली आणि पोरं खेड्यात टिकली तर देखरेख या शब्दाला पहिल्यांदा काहीतरी अर्थ येईल.

पण गोठेकर दादा, एक गोष्ट नीट समजून घ्या म्हणजे कुणाला काय विचारायचं ते कळेल. माणसाची नोंदणी परिषदेकडे. औषधाची विक्री अन्न व औषध प्रशासनाकडे. दुधातले अवशेष अन्न सुरक्षेच्या कायद्याखाली. कृत्रिम रेतनाचं आणखी वेगळं. तुमच्या एका गाईच्या एका सडाला हे सगळे हात लागतात आणि त्यातला प्रत्येक जण म्हणू शकतो की ते माझ्याकडे नाही. कोलिस्टिन हे अँटिबायोटिक २०१९ ला ज्यांचं दूध, मांस, अंडी आपण खातो त्या जनावरांसाठी बंद झालं, डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक, मेलेली जनावरं खाऊन गिधाडं मरायला लागली म्हणून २००६ ला जनावरांसाठी बंद झालं तरी माणसांच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात येत राहिल्या म्हणून २०१५ ला त्या बाटलीचा आकारच कमी करावा लागला, मग २०२३ ला कीटोप्रोफेन आणि असिक्लोफेनॅक बंद झाले. हे सगळे निर्णय औषधाच्या बाजूनं आले. टोचणाऱ्याच्या बाजूनं, म्हणजे कुणी टोचलं, का टोचलं, लिहून दिलं का, ही बाजू मोकळीच राहिली. मेडिकलवाला चिठ्ठीशिवाय सेफ्ट्रिअॅक्झोनसारखं अँटिबायोटिक देतो, तिथून खरं सुरू होतं.

आणि तुमच्या कामाची माहिती, जी त्या दिवशी तुम्हाला मिळायला हवी होती. जनावराच्या औषधाच्या लेबलवर दूध किती दिवस वापरायचं नाही ते छापणं २०१२ पासून बंधनकारक आहे, आणि त्या औषधाचा वेगळा कालावधी ठरवलेला नसेल तर दूध आणि अंड्यांसाठी किमान ७ दिवस आणि मांसासाठी २८ दिवस धरायचे असा नियम आहे. त्यामुळे पुढच्या वेळी कुणीही आलं, मी आले तरी, बाटली किंवा ट्यूबचं खोकं हातात मागून घ्या, त्यावरचं वाचा, फोटो काढा. त्या गाईला सगळ्यात शेवटी पिळा, तिचं दूध वेगळ्या भांड्यात काढा, चारही सडांचं, नुसतं आजारी सडाचं नाही, कारण औषध रक्तातून बाकीच्या सडांत पण येतं. आणि ते वासराला पण पाजू नका.

२०२२ ला गुरांचा लम्पी त्वचारोग आला तेव्हा आठवतंय का, आठवड्या-दोन आठवड्यांत गावंच्या गावं टोचून काढली, सरकारी डॉक्टर, खाजगी डॉक्टर, पर्यवेक्षक, इंटर्नशिपची पोरं, सगळे एकत्र. कोण काय टोचतंय, किती टोचलं, याचा रोज हिशेब जात होता. म्हणजे ठरवलं की जमतं. ते संपलं आणि परत जो तो आपापल्या वाटेनं गेला, याचं मला फार वाईट वाटतं.


सांगलीकर_यूके

मी सांगलीचा, शिरवळला शिकलो, आता इंग्लंडमध्ये प्रॅक्टिस करतो. इथली नियामक संस्था म्हणजे रॉयल कॉलेज ऑफ व्हेटर्नरी सर्जन्स, १८४४ पासूनची. गोठेकर दादांनी जे विचारलंय, की परिषदेचं माप कोण काढतं, त्याबद्दल इथलं सांगण्यासारखं आहे, चांगलं आणि वाईट दोन्ही.

इथं संस्था पाच पाच वर्षांचा आराखडा छापते. २०२० ते २०२४ चा होता, आता २०२५ ते २०२९ चा आहे. काय करणार ते आधी लिहायचं, मग कौन्सिलच्या बैठकीत कुठवर आलं ते मांडायचं, आणि बैठकीचे कागद वेबसाइटवर असतात, कुणीही वाचावेत. कुठल्या डॉक्टरवर शिस्तभंगाची सुनावणी आहे, काय आरोप आहेत, निकाल काय लागला, तेही जाहीर असतं. आपण ज्याच्याकडे कुत्रं नेतो त्याचं नाव रजिस्टरमध्ये आहे का हे कुणीही घरबसल्या बघू शकतं. मला वर्षाला ३५ तास शिकल्याची नोंद ऑनलाइन ठेवावी लागते, आणि आता नुसते तास मोजून चालत नाही, काय शिकलो आणि त्यानं कामात काय फरक पडला ते लिहावं लागतं. भारतातल्या कायद्यात असं कलम मला तरी दिसलं नाही, तिथं मी पाच वर्षांनी फी भरली की पुढची पाच वर्षं मोकळा.

मंगळवेढ्याच्या दादांसाठी खास लिहितो. इथं व्हेट नर्सची वेगळी नोंदवही आहे, त्याच संस्थेकडे. त्यांना वर्षाला १५ तास शिकावं लागतं, आणि इथल्या १९६६ च्या पशुवैद्यक कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात लिहिलंय की डॉक्टरच्या सांगण्यावरून त्या औषधोपचार आणि छोटी शस्त्रक्रिया करू शकतात, पण शरीराच्या पोकळीत शिरायचं नाही. हद्द एका वाक्यात आखलेली आहे. नर्सनं चूक केली तर तिची सुनावणी होते, डॉक्टरसारखीच. तुम्ही जे मागताय, नंबर द्या, हद्द द्या, शिकवा, ते अवास्तव अजिबात नाही, दुसरीकडे चालू आहे आणि नीट चालू आहे.

आता दुसरी बाजू. इथला कायदा १९६६ चा, म्हणजे आपल्यापेक्षा जुना, आणि तो फक्त माणसाला लागू आहे, दवाखान्याला नाही. गेल्या दहा-बारा वर्षांत मोठ्या कंपन्यांनी दवाखाने विकत घेतले, २०१३ ला १० टक्क्यांच्या आसपास होते ते आता ६० टक्क्यांवर गेले. कंपनीनं दर वाढवले, डॉक्टरवर दबाव आणला, तरी संस्था फक्त डॉक्टरलाच जाब विचारू शकते, मालकाला नाही. दवाखान्यांच्या दर्जाची योजना आहे पण ती ऐच्छिक आहे. शेवटी बाजारातल्या स्पर्धेवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी यंत्रणेनं २०२४ मध्ये पाळीव प्राण्यांच्या सेवांची चौकशी सुरू केली. संस्था स्वतः अनेक वर्षं सांगतेय की कायदा बदला. म्हणजे आराखडा कितीही सुंदर छापला तरी कायद्यात दात नसतील तर गाडी एका ठिकाणी अडतेच. फरक एवढाच की इथं गाडी कुठं अडली ते छापील दिसतं, त्यामुळं त्यावर भांडता येतं.


मांजरप्रेमी_कोथरूड

शहरात पण तेच आहे हो. आमच्या मांजरीच्या ऑपरेशननंतर टाके उघडले, कुठलं औषध दिलं ते विचारलं तर बिलावर नुसतं "इंजेक्शन" असं लिहिलेलं. तक्रार कुठं करायची हेच माहीत नव्हतं, कुणीतरी म्हणालं ग्राहक मंचात जा, कुणी म्हणालं पोलिसात जा. राज्य परिषद नावाची गोष्ट आहे हे मला आज या धाग्यावर कळलं. दवाखान्यात भिंतीवर डॉक्टरचा नोंदणी नंबर आणि तक्रारीचा पत्ता असा बोर्ड लावायला लावला तरी पुष्कळ होईल.


गोठेकर_नेवासा

सगळ्यांचे मनापासून आभार. एलडीओ ताई, तुम्ही लिहिलेलं सात दिवसांचं आणि चारही सडांचं मी प्रिंट काढून गोठ्यात लावलं आणि केंद्रावर पण एक लावायला दिलं, सचिवांनी लगेच चिकटवलं. सांगलीकर दादा, नर्सच्या वहीचं वाचून बरं वाटलं. आमच्या भागात डिप्लोमावाले नसतील तर आठवड्याला दोन-चार जनावरं मरतील, त्यामुळं मला कुणाचं पोट मारायचं नाहीये. मला फक्त तो माणूस कुठंतरी जबाबदार पाहिजे.

मला गंमत याची वाटत नाही तर चीड येते, की कॉलेजच्या तपासणीला परभणीत टीम येते, खुर्च्या टेबलं मोजते, आणि तिथून शिकून निघालेला डॉक्टर पुढं तीस वर्षं गोठ्यात काय करतो ते बघायला एकदाही कुणी येत नाही. गुरुजी, तुम्ही म्हणालात फाटकाच्या बाहेरचं राहिलं, तर ते करून घ्यायला आमच्यासारख्यानं काय करायचं? परिषदेत आमचं कुणी असतं का?


निवृत्त_प्राध्यापक_परभणी

परिषदेत पशुपालकांचा असा निवडून दिलेला माणूस नसतो. केंद्राच्या परिषदेत ११ सदस्य नोंदणीकृत पशुवैद्यकांनी निवडून दिलेले असतात, बाकी सरकारनं नेमलेले, पशुसंवर्धन संचालकांपैकी, कॉलेजांच्या प्रमुखांपैकी वगैरे. म्हणजे जे बसतात ते जवळपास सगळे आमच्याच धंद्यातले. माझं मत विचाराल तर दोन पशुपालक आणि एक ग्राहक तिथं बसलाच पाहिजे, त्याशिवाय गोठ्यातला प्रश्न टेबलावर येणार नाही. पण त्यासाठी कायदा बदलावा लागेल, ते आमदार-खासदारांचं काम, आणि दूध संघांनी रेटा लावला तर होईल असं मला वाटतं, कारण परत आलेला टँकर त्यांनाही परवडत नाही.

मधल्या काळात काय करता येईल ते सांगतो. तुमच्या गोठ्यात आलेला माणूस नोंदणीकृत डॉक्टर असेल तर राज्य परिषदेच्या निबंधकांकडे लेखी तक्रार करा. तारीख, गाईचा टॅग नंबर, काय लक्षणं होती, काय दिलं, ट्यूबचं खोकं किंवा बाटली असेल तर तिचा फोटो, आणि केंद्रानं दूध नाकारल्याची पावती. तोंडी सांगू नका, फोनवर सांगू नका. तो नोंदणीकृत नसेल तर परिषद त्याचं नाव काढू शकत नाही, कारण मंगळवेढ्याचे म्हणाले तसं नावच नाही, मग तालुक्याच्या पशुसंवर्धन कार्यालयात आणि पोलिसात तक्रार द्यावी लागते. कलम ३० त्यात लिहा. ओळखायचं कसं विचारलंत, तर चिठ्ठी मागा. नोंदणीकृत डॉक्टर चिठ्ठीवर नंबर टाकतो, आणि तो नंबर परिषदेकडून पडताळून घेता येतो. चिठ्ठी द्यायलाच जो तयार नाही त्याच्याकडून इंजेक्शन घेऊ नका, अगदी जनावर अडलेलं असेल तेवढा अपवाद.

आणि वर्षाचा हिशेब पाहिजे ना, मग माहिती अधिकाराचा अर्ज टाका. दहा रुपये फी, तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं.


एलडीओ_यवतमाळ

सर, यात एक भर घालते. चिठ्ठी मागा म्हणता ते बरोबर आहे पण आम्ही सरकारी लोक सुद्धा गोठ्यात उभ्या उभ्या चिठ्ठी लिहीत नाही, रजिस्टरला नोंद करतो आणि पुढच्या कॉलला जातो. २०२४ मध्ये केंद्र सरकारनं जनावरांच्या आजारांसाठी प्रमाण उपचार पुस्तिका काढली, कुठल्या आजाराला आधी काय द्यायचं, अँटिबायोटिक कधी द्यायचं आणि कधी नाही, सगळं आहे त्यात. ती माझ्या टेबलावर आहे, पण ती किती जणांनी उघडली, त्याप्रमाणे उपचार होतात का, हे बघणारं कुणी नाही. परिषदेनं नूतनीकरणाच्या वेळी एवढं जरी विचारलं की गेल्या पाच वर्षांत काय शिकलात आणि चिठ्ठ्यांच्या दहा प्रती जोडा, तर माझ्यासकट सगळ्यांच्या हाताला वळण लागेल. आम्हाला ते ओझं वाटणार नाही, उलट मेडिकलवाल्यापुढं आणि मालकापुढं उभं राहायला बळ येईल. आत्ता मी अँटिबायोटिक नको म्हटलं तर मालक म्हणतो, बाई नवीन आहेत, इंजेक्शन द्यायला घाबरतात.


डिप्लोमा_मंगळवेढा

ताई, तुम्ही तालुक्याला महिन्यातून एकदा आम्हा खाजगीवाल्यांना दोन तास बसवलंत ना, तर आम्ही पन्नास जण यायला तयार आहोत. सरकारी आदेशाची वाट नका बघू. ती पुस्तिका मराठीत असेल तर मला पाठवा, नसेल तर दगडी, मिल्क फिव्हर आणि वार अडकणं एवढ्या तीनच गोष्टींचं मराठीत कुणीतरी करा. आमचं निम्मं काम तेवढंच असतं.


गोठेकर_नेवासा

गुरुजी, अर्ज लिहायला घेतलाय. असं लिहिलं तर चालेल का बघा. गेल्या पाच वर्षांत पशुपालकांकडून वर्षवार किती तक्रारी आल्या, त्यातल्या किती निकाली निघाल्या, किती जणांना ताकीद दिली, किती जणांची नावं नोंदवहीतून काढली, आणि विनानोंदणी उपचार करणाऱ्यांविरुद्ध परिषदेनं किती ठिकाणी कारवाईसाठी लिहिलं. शेवटी असंही लिहिलंय की परिषद हा हिशेब दरवर्षी जाहीर का करत नाही.


निवृत्त_प्राध्यापक_परभणी

शेवटचं वाक्य काढा. माहिती अधिकारात "का" विचारलं की मत मागताय म्हणून अर्ज परत येतो, नुसतं "किती" आणि "कधी" विचारा. त्याऐवजी लिहा की गेल्या पाच वर्षांचे वार्षिक अहवाल आणि बैठकांची इतिवृत्तं यांच्या प्रती द्याव्यात. अर्ज निबंधकांच्या नावानं नको, "जन माहिती अधिकारी, महाराष्ट्र राज्य पशुवैद्यक परिषद, नागपूर" असा करा, स्पीड पोस्टानं पाठवा आणि पोचपावती जपून ठेवा. उत्तर आलं की जसंच्या तसं इथं टाका, एलडीओ ताई आणि मी बसून त्याचा अर्थ लावतो.